परदेशातल्या स्टुडिओत जाण्याआधी घराची भिंत मोजून घे

उदगीरच्या एका मुलीनं विचारलंय: बी.आर्क., म्हणजे वास्तुकलेची पदवी, यंदा पूर्ण झाली, इटलीत दोन वर्षांच्या मास्टर्सला प्रवेश मिळालाय, सप्टेंबरात निघायचंय. तिथला डिझाईन स्टुडिओ आपल्या कॉलेजपेक्षा किती वेगळा असतो? जाण्याआधी कुठलं सॉफ्टवेअर शिकू? इंग्रजी बेताचं आहे, ज्युरीत, म्हणजे परीक्षकांपुढं काम मांडताना, निभेल का? आणि शेवटी लातूर-उदगीरकडेच परत यायचं असेल तर या शिक्षणाचा काही उपयोग होतो, की नुसतीच फ्रेम करून टांगायची डिग्री?

मी २००५ ते २००७ उत्तर इटलीत शिकलो. त्याआधीचं बी.आर्क. महाराष्ट्रातलंच. परत आल्यापासून लातुरात प्रॅक्टिस करतोय. गाव औसा तालुक्यातलं. माझी पुतणी तुझ्याच वयाची आहे, म्हणून अगं-तुगं करतो, राग मानू नको.

सॉफ्टवेअरचं आधी उरकून टाकतो. ऑटोकॅड तुला येतच असणार. राइनो हे थ्रीडी मॉडेलचं सॉफ्टवेअर महिनाभर हाताळून घे. शहराचे नकाशे करायला क्यूजीआयएस लागेल, ते फुकट मिळतं. ऑटोकॅड काढणाऱ्या ऑटोडेस्कची सॉफ्टवेअरं विद्यार्थ्यांना फुकट असतात. एवढं बास. रेंडरिंग शिकण्यात सुट्टी घालवू नको. तिथं संध्याकाळच्या उजेडातलं चकचकीत चित्र भिंतीवर लावलं की मास्तर ते नीट बघतातसुद्धा, आणि मग विचारतात, याचा सेक्शन, म्हणजे इमारत उभी कापून दाखवणारं चित्र, कुठाय? आपल्या निम्म्या पोरांचं पाणी तिथंच जोखलं जातं. माझंही जोखलं गेलं होतं.

आता खरा प्रश्न, स्टुडिओचा. आपल्याकडे डिझाईनचा विषय कसा चालतो ते तुला मी काय सांगू. सर विषय देतात. दोन केस स्टडी, एक कॉन्सेप्ट शीट, त्यात कमळाचं फूल नाहीतर पक्ष्याचे पंख. मग बटर पेपर घेऊन ‘डिस्कशन’ला जायचं. सर लाल पेनानं टॉयलेट इकडचं तिकडं करतात, आपण पुढच्या आठवड्यात ते तिकडं करून आणतो. मधले पंधरा दिवस काहीच होत नाही. सबमिशन जवळ आलं की चार नाइट मारायच्या, ज्युनिअरांना मॉडेलला बसवायचं, आणि ज्युरीच्या दिवशी लाल डोळ्यांनी शीट लावून उभं राहायचं. पाच वर्षांत आपण एक गोष्ट पक्की शिकतो: काम पुरं झाल्याशिवाय कुणाला दाखवायचं नाही.

तिथं नेमकं हेच आधी सोडावं लागतं. हे सुटायला मला अख्खं एक सत्र गेलं.

इटलीत स्टुडिओला ‘लाबोरातोरियो’ म्हणतात, म्हणजे प्रयोगशाळाच. त्यांचं एक क्रेडिट म्हणजे २५ तासांचं काम, घरी बसून केलेलं धरून. बारा क्रेडिटांचा स्टुडिओ म्हणजे ३०० तास झाले. गुण ३० पैकी, १८ ला पास. आठवड्यातले एक-दोन पूर्ण दिवस स्टुडिओचे. त्या दिवशी टेबलावर जे असेल त्यावर बोलायचं, याला ते ‘रेविझिओने’ म्हणतात. पहिल्या दिवशी प्रोफेसर आत आल्या आणि मी सवयीनं ताडकन उभा राहिलो. अख्ख्या हॉलमध्ये उभा असलेला मी एकटाच. त्यांना वाटलं मला काहीतरी विचारायचंय. झालं, पहिला प्रश्न मलाच विचारायला लागला, आणि तोंडातून निघालं काय, तर टॉयलेट कुठाय.

पहिले तीन आठवडे मी टेबलावर काही ठेवलंच नाही. ‘चालू आहे’ म्हणायचो. बाजूची पोरं मात्र काय वाटेल ते मांडून बसायची: फाटक्या पुठ्ठ्याची अर्धवट मॉडेलं, चहाचे डाग पडलेली स्केचं, एकानं तर एकदा नुसता साईटवरून आणलेला दगड ठेवला होता. मी मनात म्हणायचो, ही काय तयारी म्हणायची? चौथ्या आठवड्यात मी ए-१ च्या चार शीटा पूर्ण करून, शाईनं काढून, बॉर्डर मारून नेल्या. प्रोफेसरबाईंनी चारही नीट पाहिल्या. म्हणाल्या, “हे तर संपलंय. मग आज आपण बोलायचं कशावर?” आणि शेजारच्या टेबलाकडं गेल्या. फाटक्या पुठ्ठ्याच्या त्या मॉडेलापाशी तासभर बसल्या. कात्री घेऊन स्वतः त्याचं छप्पर कापलं, उलटं लावलं, परत काढलं. पोरगा हसत होता. मला रडू यायचं बाकी होतं.

तेव्हा एक गोष्ट आत्ताच ध्यानात घे. तिथं मॉडेल म्हणजे दाखवायची वस्तू नाही. आपण माउंट बोर्डाचं गुळगुळीत मॉडेल शेवटच्या रात्री करतो, तेव्हा डिझाईन होऊन गेलेलं असतं. तिथं करड्या पुठ्ठ्याची पाच-सात मॉडेलं सत्रभर चालू असतात, आणि त्यातली चार कचऱ्यात जातात. पूर्ण वर्ग मिळून साईटचं एक मोठं मॉडेल करतो, त्यात प्रत्येकाच्या इमारतीपुरता खड्डा ठेवतात. रेविझिओनेला तू तुझा तुकडा त्या खड्ड्यात बसवायचा. शेजारच्या टेकडीपुढं तो किती उद्धट दिसतो ते सगळ्यांना दिसतं, तुलाही. कुणी काही बोलायची गरजच राहत नाही.

‘केस स्टडी’चंही तसंच. नेटवरून फोटो आणि प्लॅन उतरवून चिकटवले की आपल्याकडे चालतं. तिथं ती इमारत स्केलला स्वतः परत काढावी लागते. मला व्हेरोनाचं कास्तेलवेक्कियो संग्रहालय मिळालं होतं. जुना किल्ला, त्याचं संग्रहालय कार्लो स्कार्पा यांनी केलं, १९६४ साली ते खुलं झालं. आठ दिवस मी तिथली नुसती जमीन मोजत होतो. नवी फरशी जुन्या भिंतीला कुठंच टेकत नाही, मध्ये एक बारीक खाच सोडलीय. कागदावर ती खाच काढायला गेलो तेव्हा कळलं की ती चुकून राहिलेली नाही, तीच खरी रचना आहे: इथं जुनं संपलं, इथून नवं सुरू. फोटोत हे मला दहा वर्षं दिसलं नसतं. या खाचेकडं मी पुढं परत येतो.

दुसऱ्या सत्राचा विषय होता, डोंगरातल्या ओस पडत चाललेल्या गावात वीस घरं. मी प्लॅन काढले आणि सगळ्या भिंती ९ इंचाच्या काढल्या. कारण काय? कारण काही नाही, आपल्याकडे विटांची भिंत ९ इंच असते म्हणून. प्रोफेसरबाईंनी विचारलं, “तू ज्या घरात जन्मलास त्याची भिंत किती जाड होती?” मी दोन्ही हात लांब करून दाखवलं, एवढी. त्या म्हणाल्या, “हातांमधलं हे अंतर काढ. १:२० स्केलला.”

काढायला बसलो तर येईना. लहानपण त्या भिंतीच्या देवळीत दिवा लावण्यात गेलं, ओसरीत झोपण्यात गेलं, माळवदावर, म्हणजे मातीच्या सपाट छतावर, पापड वाळत घालण्यात गेलं, आणि ती भिंत आतून कशी आहे ते मला ठाऊक नाही! दादांना, म्हणजे वडिलांना, फोन लावला. त्या काळी मिनिटाला किती पैसे जातात हे घड्याळाकडं बघत बोलावं लागे. दादांनी हातानं मोजून सांगितलं: खाली दोन हातांवर एक वीत, वर दोन हात. म्हणजे माथ्याला जवळजवळ तीन फूट. बाहेरून घडीव काळा दगड, आतून ओबडधोबड दगड, दोन्हींच्या मध्ये माती आणि चिपा. वर सागवानी तुळया, फळ्या, त्यावर फूट-दीड फूट माती, सगळ्यात वर पांढरी माती. ती दर वर्षी पावसाआधी नवी टाकायची, जुनी काढायची नाही. घर सहा खणांचं, म्हणजे लाकडी खांबांमधल्या सहा गाळ्यांचं.

तो सेक्शन मी भिंतीवर लावला आणि वर्गात खळबळ उडाली. जर्मन मुलगा म्हणाला, काय सुंदर, मे महिन्यात आत गार राहत असेल. राहतंच. स्पॅनिश मुलगी म्हणाली, सिमेंटची एक पिशवी नाही, सगळं गावातलंच! खरंय. कुणी म्हणालं, तुझी वीस घरं अशीच कर ना. कौतुक ऐकून मी जरा फुगलो होतो. पण सेक्शनकडं बघता बघता माझ्या पोटात कालवलं, कारण या भिंतीचं दुसरं टोक मला माहीत होतं.

३० सप्टेंबर १९९३, पहाटे ३ वाजून ५६ मिनिटं. किल्लारीचा भूकंप. मी तेरा वर्षांचा होतो. गणपती बोळवून लोक नुकते झोपले होते. आमच्या गावात भिंती फुगल्या, दोन घरं बसली, माणसं वाचली. माझं आजोळ सास्तूरच्या बाजूचं. तिथं सगळे वाचले नाहीत. भूकंप ६.२ तीव्रतेचा, जगाच्या हिशेबात फार मोठा नव्हे. पण घरं हीच होती. दोन अंगांच्या मध्ये आरपार जाणारा एकही दगड नाही, दोन्ही अंगं सुटी. मातीचा सांधा. आणि डोक्यावर पिढ्यान्‌पिढ्या चढत गेलेला मातीचा भार. जमीन हलली तशी भिंतीची बाहेरची बाजू बाहेर आणि आतली आत उघडली. कितीतरी ठिकाणी लाकडी खणांचा सांगाडा तसाच उभा होता, आणि भिंत माणसांवर पडलेली होती.

हे मी मोडक्या इंग्रजीत सांगितलं. वर्ग गप्प झाला. बाई म्हणाल्या, “आता आपल्याकडं प्रश्न आहे. मघाशी नुसतं चित्र होतं.”

सांगायचा मुद्दा हाच. तू मराठवाड्याची आहेस म्हणून तिथं लोक तुझ्याकडून माती, चूल, नक्षीदार खांब अशा गोष्टींची अपेक्षा करतील. त्या देणं सोपं असतं, टाळ्याही मिळतात. ‘आमच्याकडची पारंपरिक वास्तुकला’ म्हणून बारवेचे, म्हणजे पायऱ्यांच्या विहिरीचे, फोटो लावून दोन वर्षं निभावून नेलेली मुलं मी पाहिलीत. परभणीकडच्या वालूरच्या बारवेचा फोटो अवश्य ने, पण तिचं पाणी कशानं गेलं हेही सांगता आलं पाहिजे. घर माहीत असणं आणि घराचा अभिमान असणं यात अंतर आहे. स्टुडिओला पहिल्याशी काम असतं.

बाईंनी मला अभ्यासाला दोन गावं दिली. एक वेन्झोने, पार उत्तरेला, फ्रिउलीत. ६ मे १९७६ ला त्या सगळ्या प्रदेशात भूकंप झाला, सुमारे १,००० माणसं गेली. सप्टेंबरात परत धक्के बसले आणि जे उभं होतं तेही बसलं. वेन्झोनेच्या लोकांनी गाव हलवायला नकार दिला. पडलेल्या चर्चचे दगड शेतात नेऊन ओळीनं मांडले, कुठला कुठला ते ओळखून नंबर टाकले, आणि जिथं होतं तिथं, जसं होतं तसं परत रचलं. चर्च १९९५ ला खुलं झालं. एकोणीस वर्षं. मी गेलो तेव्हा पावसाळी दिवस होता. भिंतीत जुना दगड आणि नवा दगड रंगावरून कळत होता. कुणी लपवायचा प्रयत्न केलेला नव्हता.

दुसरं जिबेल्लिना, सिसिलीत. तिथला भूकंप जानेवारी १९६८ चा. गाव संपलं. मग नवं जिबेल्लिना सुमारे २० किलोमीटरवर सपाटीला वसवलं. रुंद रस्ते, बागा, मोठमोठ्या कलाकारांची शिल्पं. दुपारी दोन वाजता मी त्या रस्त्यावर उभा होतो, एक कुत्रंसुद्धा नव्हतं. जुन्या गावाच्या ढिगाऱ्यावर आल्बेर्तो बुर्री या चित्रकारानं पांढऱ्या काँक्रीटची चादर टाकलीय. जुन्या गल्ल्या होत्या तिथं तिथं भेगा ठेवल्यात, त्या भेगांतून आपण चालायचं. काम १९८४ ला सुरू होऊन १९८९ ला थांबलं होतं. मी गेलो तेव्हा अर्धवटच होतं, पुढं २०१५ ला पूर्ण झालं. त्या भेगांतून चालताना मला सास्तूरची गल्ली आठवली, आणि बराच वेळ बसून राहावं लागलं.

आता आपल्याकडचं बघ. किल्लारीनंतर ५२ गावं पूर्णपणे नव्या जागी वसवली. घराचं माप जमिनीवरून ठरलं: भूमिहीन आणि लहान शेतकऱ्याला २५० चौरस फूट, मधल्याला ४५०, मोठ्या शेतकऱ्याला ७५०. रस्ते सरळ, चौकोनी आखणी. घरं पक्की, तो हेतू पुरा झाला. कुणी लांबून येऊन या घरांना नाकं मुरडतं तेव्हा मला राग येतो, कारण त्या हिवाळ्यात तंबूत राहणाऱ्या माणसाला स्लॅब म्हणजे काय वाटत होतं हे त्यांना माहीत नसतं. पण बैल कुठं बांधायचे, कडबा कुठं रचायचा, म्हाताऱ्यानं दिवसभर कुठं बसायचं, याचं उत्तर नकाशात नव्हतं. ते लोकांनी नंतर पत्र्यानं, कुडानं, जुन्या घरातून काढून आणलेल्या सागवानी खांबांनी दिलं. आज कुठल्याही पुनर्वसित गावात जा. सरकारी चौकोन आत गेलाय आणि भोवती माणसांनी स्वतःचं घर बांधलंय. माझा शेवटचा प्रबंध याच तीन गोष्टींवर झाला. वेन्झोने बरोबर आणि जिबेल्लिना चूक असं मी त्यात म्हटलं नाही. वेन्झोनेला एकोणीस वर्षं थांबणं परवडलं, सास्तूरला परवडलं असतं का, हा प्रश्न मांडला आणि तिथं थांबलो. एका परीक्षकाला ते अजिबात आवडलं नाही. दुसऱ्याला आवडलं. दोघं माझ्यासमोर अर्धा तास भांडले, मी नुसता उभा.

हेही सांगून ठेवतो, ज्युरीत परीक्षक आपसात भांडतात. आपल्याला वाटतं आता गुण गेले. तसं नसतं. कंटाळवाण्या कामावर कुणी भांडत नाही. उलट कुणी “इंटरेस्टिंग” एवढंच म्हणून पुढं सरकलं तर समज, बुडालीस.

इंग्रजीची भीती सोड. इटलीतल्या वर्गात इंग्रजी कुणाचीच मातृभाषा नसते, मास्तरांचीही नाही. सगळेच तोडकं बोलतात. अडचण वेगळी आहे. आपण बोलायला लागलो की प्रस्तावनेपासून सुरू करतो: “वास्तुकला ही मानवाच्या मूलभूत गरजांपैकी…” तिथं दहा मिनिटं मिळतात, त्यातली चार अशी गेली की संपलं. मी एक युक्ती करायचो. आदल्या रात्री पाच वाक्यं मराठीत लिहायची: ही जागा कशी आहे, मला काय खटकलं, मी काय केलं, कुठं अडलोय, तुम्हाला काय विचारायचंय. मग ती इंग्रजीत करायची. “कुठं अडलोय” हे वाक्य आपण कधी बोलत नाही, कारण कबूल केलं की गुण जातील असं वाटतं. तिथं याच वाक्यानंतर मास्तर खुर्ची ओढून बसतात.

गटकामाचा मात्र त्रास होईल. दोघा-चौघांच्या गटात पूर्ण सत्र काढावं लागतं. आपली पोरं शांतपणे सगळं ड्राफ्टिंग अंगावर घेतात. रात्री जागायची सवय असते, “मी करतो” म्हणायची सवय असते. तिसऱ्या आठवड्यात तू गटाची ड्राफ्ट्समन होऊन बसतेस, आणि ठरवणारे दुसरेच. पहिल्या दिवशीच सांग की सेक्शन आणि मॉडेल मी बघणार. हे बोलायला जड जातं. माझ्या पहिल्या गटात मी हे बोललो नाही आणि चार महिने जिन्याचे तपशील काढत बसलो. जिने मात्र तेव्हापासून उत्तम येतात.

परत येण्याबद्दल. इथं खोटं बोलण्यात अर्थ नाही. लातुरात आलेला माणूस पहिल्यांदा विचारतो फ्रंट एलिव्हेशन कसं दिसेल, मग वास्तुशास्त्राप्रमाणे किचन कुठं, मग एफएसआय, म्हणजे प्लॉटवर बांधकामाची परवानगी, किती मिळेल. इटलीचं नाव काढलं की तो म्हणतो, मग इटालियन मार्बल स्वस्तात मिळेल का? २०२० पासून जवळजवळ सगळ्या राज्याला एकत्रित विकास नियंत्रण नियमावली लागू आहे. ती तुला कुठल्याच परदेशी स्टुडिओत शिकवणार नाहीत. परवानगीच्या फायली, गवंड्याचा हिशेब, सेंट्रिंगवाल्याची वाट बघणं, हे सगळं इथंच एखाद्या चांगल्या ऑफिसात दोन वर्षं घासून शिकावं लागतं. मी ते उलट्या क्रमानं केलं, आधी इटली मग ऑफिस, आणि पहिली दोन वर्षं साईटवरच्या मिस्त्र्यांनी मला चांगलंच वळण लावलं. तुझ्याकडं प्रवेश आत्ता आहे तर जा. पण परत आल्याबरोबर स्वतःचा बोर्ड लावू नको.

उपयोग कुठं झाला तेही सांगतो. औशाकडं एका कुटुंबाचा जुना वाडा होता. थोरला म्हणत होता पाडा, धाकटा म्हणत होता ठेवा. मी आधी माळवदावर चढून मातीला भोक पाडून पाहिलं. पावणेदोन फूट! ती उतरवून हलकं छत केलं. भिंतीला ठरावीक अंतरावर आरपार भोकं पाडून, त्यात दोन्ही टोकांना वाकवलेली सळई ठेवून काँक्रीट भरलं, म्हणजे सुटी अंगं बांधली गेली. वरून पट्टा फिरवला. ही युक्ती इटलीची नाही बरं का. किल्लारीनंतरच्या दुरुस्ती कार्यक्रमात ती आपल्याच गवंड्यांना शिकवली होती. लातूरपासून चाळीसेक किलोमीटरवर वापरलेली गोष्ट मला वेन्झोनेहून फिरून येऊन सापडली, याची आजही थोडी लाज वाटते. आत शहाबादी फरशी घातली ती भिंतीपासून दोन इंच अलीकडं थांबवली. मधल्या खाचेत खडी भरली, भिंतीची ओल तिथून निघून जाते. धाकट्यानं पाहिलं आणि हळूच विचारलं, “साहेब, फरशी कमी पडली का? आणून देतो.” स्कार्पाचं नाव सांगून उपयोग नव्हता. ओलीचं कारण सांगितलं, पटलं.

आणि पाणी. तिथं चौकाच्या एका डिझाईनमध्ये मी विचारलं होतं, पावसाचं पाणी जातं कुठं? कुणाला त्याचं महत्त्व वाटलं नाही, गटारात जातं म्हणाले. २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेनं लातुरात पाणी आलं तेव्हापासून इथला गिऱ्हाईकच हा प्रश्न आधी विचारतो. हिशेब साधा आहे. १०० चौरस मीटर छतावर वर्षाला ७५० मिलिमीटर पाऊस पडला तर ७५ हजार लिटर. गळती-वाफ सोडून ६० हजार तरी धर. पण टाकी कुठं ठेवायची हे प्लॅनच्या पहिल्या दिवशी ठरवावं लागतं, शेवटी जिन्याखाली जागा उरत नाही. हा प्रश्न तुझ्या स्टुडिओत मांड. त्यांच्याकडं याचं तयार उत्तर नसेल, आणि तेच बरं.

कागदपत्रांचं थोडक्यात. निघण्याआधी कौन्सिल ऑफ आर्किटेक्चरची नोंदणी करून घे. १९७२ च्या कायद्यानं आपल्याकडे आर्किटेक्ट म्हणवायला तीच लागते, आणि ती तुझ्या बी.आर्क.वर मिळते, इटलीच्या मास्टर्सवर अवलंबून नाही. फी आणि शिष्यवृत्ती तिथं घरच्या उत्पन्नावर ठरते, त्यासाठी तहसीलचा दाखला, त्याचं भाषांतर, अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का), सगळं वेळ खातं. जूनच्या आत हात घाल. शेती असेल तर सातबारा काय असतो हे तिथल्या कारकुनाला समजावायची तयारी ठेव. मी हातानं चित्र काढून समजावलं होतं. पोहोचल्यावर आठ कामकाजाच्या दिवसांत राहण्याच्या परवान्याचा अर्ज पोस्ट ऑफिसातून करावा लागतो, तो लांबवू नको. राज्य सरकारच्या परदेश शिष्यवृत्त्या आहेत, त्यांना प्रवर्गाची, उत्पन्नाची आणि विद्यापीठाच्या जागतिक क्रमवारीची अट असते. तुझं विद्यापीठ बसतंय का ते या वर्षीच्या जाहिरातीत बघ.

राहिली सुट्टी. दोन महिने आहेत. आजीचं नाहीतर मामाचं जुनं घर असेलच, उदगीरकडं अजून बरीच माळवदं आहेत. ते मोजून काढ. ३० मीटरचा टेप घे, ५ मीटरचा वेगळा ठेव. प्रत्येक खोलीचे दोन्ही कर्ण घे, आपल्या जुन्या घरात काटकोन सापडत नाही आणि कर्ण घेतले नाहीत तर घरी येऊन प्लॅन जुळत नाही. भिंतीची जाडी दाराच्या चौकटीत मोज, खाली आणि वर वेगवेगळी. खण मोज. छताला उजेडाचं भोक असेल तर त्यातूनच मातीची जाडी मिळते, वेगळं उकरायला नको. ओळंबा सोडून भिंत किती कललीय ते बघ. मग १:५० ला एक प्लॅन आणि दोन सेक्शन, हातानं, पेन्सिलीनं. शाई नको, बॉर्डर नको. तो कागद गुंडाळी करून ने आणि पहिल्या आठवड्यातच टेबलावर ठेव.

जाताना कटर, पट्टी, पातं हे सगळं मोठ्या बॅगेत टाक. माझा जपानी कटर हातातल्या पिशवीत राहिला होता, तो विमानतळावर काढून घेतला. तसा परत कुठं मिळाला नाही.